एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जाताना: तिथे तुझ्या मागे कोणी लागणार नाही

प्रश्न: मी पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येत्या ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत श्टुटगार्ट विद्यापीठात एक सेमिस्टर एक्स्चेंजवर जाण्यासाठी माझी निवड झाली आहे. वर्ष वाया जाईल का? तिथले मार्क इथे कसे धरतात? खर्च किती येतो? जर्मन फारसं येत नाही, निभेल का? प्लेसमेंटला फटका बसेल का? बाबा म्हणतात, पुढे एमएस करायचंच आहे, मग आत्ता कशाला?

उत्तर: एका इंजिनिअरिंग कॉलेजात एक्स्चेंजचं काम मी बरीच वर्षं पाहिलं. मुलं पाठवली आणि ती परत आल्यावर त्यांच्या क्रेडिटसाठी अ‍ॅकॅडमिक कौन्सिलपुढे भांडलेही. त्यामुळे आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. हुशार मुलं अडकताना मी पाहिली आहेत ती तिथेच.

दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून बघ. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. प्रत्यक्ष लेक्चर ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, नाताळात दोन आठवडे थांबतात आणि फेब्रुवारीच्या पूर्वार्धात संपतात. लेखी परीक्षा त्यानंतर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये. आपलं पाचवं सेमिस्टर जुलैत सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपतं आणि सहावं जानेवारीत सुरू होतं. म्हणजे तू पाचवं अर्धवट सोडून जाणार आणि सहावं अर्धं झाल्यावर परत येणार. ‘एकच सेमिस्टर तर जायचंय’ असं सगळे म्हणतात खरं, पण आपल्या हिशोबात ते एक सेमिस्टर इथली दोन सेमिस्टरं बिघडवतं.

यातून मार्ग निघतो. पण तो जाण्याआधी आणि कागदावर निघाला पाहिजे. सहसा असं करतात: तिथे केलेले विषय पाचव्या सेमिस्टरच्या थिअरीच्या जागी धरायचे, पाचव्याची प्रॅक्टिकल्स आणि टर्मवर्क जुलै ते सप्टेंबरमध्ये दाटीवाटीने उरकायचं, आणि सहाव्या सेमिस्टरमध्ये उशिरा आल्याबद्दल हजेरीची सूट व इन-सेम परीक्षेला पर्याय मिळवायचा. मे महिन्याची परीक्षा बाकीच्यांबरोबरच द्यायची. हे सगळं ‘बघू, आलीस की करून टाकू’ या आश्वासनावर सोडू नकोस. ते देणारे एचओडी तू परत येईपर्यंत त्या खुर्चीवर असतीलच असं नाही. बोर्ड ऑफ स्टडीजचा किंवा अ‍ॅकॅडमिक कौन्सिलचा ठराव, त्यावर तारीख आणि सही, आणि त्याची प्रत तुझ्याकडे. कॉलेज स्वायत्त आहे हे तुझं नशीब. संलग्न कॉलेजातल्या मुलांचा पेपर विद्यापीठ काढतं, तिथे हीच गोष्ट चौपट अवघड होते.

दुसरा कागद म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. तू तिथे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इथे कोणते विषय माफ होणार, याचा हा करार. त्यावर तुझी, तुझ्या कॉलेजची आणि यजमान विद्यापीठाची अशा तीन सह्या असतात. मुलं तो फॉर्म भरायचा म्हणून भरतात, आणि मग तिथे पोचल्यावर कळतं की निवडलेला एक विषय फक्त उन्हाळी सेमिस्टरमध्ये असतो, दुसरा जर्मनमध्ये शिकवतात आणि उरलेल्या दोघांची वेळ एकच आहे. हे दर वर्षी होतं, त्यामुळे करारात बदल करायची सोयही असते. पहिल्या काही आठवड्यांत बदल कर, पण प्रत्येक बदलाला इथून पुन्हा सही मागव. ईमेलवर ‘ओके’ आलं म्हणजे सही झाली असं धरू नकोस.

विषय निवडताना आणखी एक अडचण येईल. जर्मनीत बॅचलरचे बहुतेक विषय जर्मनमध्येच शिकवतात. इंग्रजीत जे असतात ते मुख्यतः मास्टर्सचे. एक्स्चेंजच्या मुलांना मास्टर्सचे काही विषय घेऊ देतात, पण त्या त्या विभागाची परवानगी काढावी लागते. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला ते झेपतात का? निवडून घेतले तर झेपतात. विषयाच्या माहितीपत्रकात ‘आधी काय येणं अपेक्षित आहे’ ही ओळ असते, ती वाच. कंट्रोल सिस्टिम्स आणि न्यूमरिकल मेथड्सचा पाया पक्का असेल तर बरंच काही उघडतं.

क्रेडिटचं गणित साधं आहे. युरोपात क्रेडिट ‘ईसीटीएस’मध्ये मोजतात: वर्षाला ६०, सेमिस्टरला ३०. जर्मनीत एका ईसीटीएसमागे ३० तास काम धरतात, आणि त्यात लेक्चरबरोबर घरचा अभ्यासही येतो. आपल्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये वर्षाला ४० क्रेडिट धरतात. म्हणजे तिथले ३ बरोबर इथले २. काही समित्या एकास एक धरतात, काही निम्मे करतात. तुझ्या ठरावात प्रमाण लिहून घे. तुझ्या कॉलेजने मागितलेत तेवढेच क्रेडिट घे आणि वर एक जर्मन भाषेचा वर्ग. चार विषय आणि भाषा, एवढं पुरे. ३० पूर्ण करायच्या हट्टापायी दोन विषयांत नापास होऊन आलेली मुलं माझ्यासमोर बसून रडली आहेत.

आता मार्क. तिथे १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. उलटी शिडी आहे, त्यामुळे घरी फोनवर ‘दोन पॉइंट तीन मिळाले’ सांगितलंस तर आजी हळहळेल. रूपांतरासाठी जर्मन विद्यापीठं ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात, आणि ते उलटं चालवून आपल्याकडेही वापरता येतं. दहाच्या पट्टीवर पासिंग ४ धरलं तर तिथले २.३ म्हणजे इथले ७.४, आणि ३.० म्हणजे ६. इंजिनिअरिंगच्या कठीण पेपरात तिथे ३.० पडणं ही काही लाजेची गोष्ट नाही, पण साडेआठ-नऊ सीजीपीएच्या मुलीला इथे त्याचा फटका जाणवतो. म्हणून काही कॉलेजं एक्स्चेंजच्या विषयांना फक्त ‘पास’ असा शेरा देतात आणि ते सीजीपीएमध्ये धरत नाहीत. तुझ्या कॉलेजात तशी सोय असेल तर ती माग. मी कायम तीच मागायला लावते. त्यामुळे मुलं मार्कांना घाबरून सोपे विषय निवडत नाहीत.

प्लेसमेंटचा प्रश्न इथेच येतो. तू मार्चअखेर परत येशील आणि कंपन्या सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीला, जुलै-ऑगस्टमध्ये येतील, म्हणजे वरवर पाहता काही अडत नाही. अडतं ते ट्रान्सक्रिप्टपाशी. तिथले निकाल लागून अधिकृत गुणपत्रक यायला काही आठवडे, कधी महिने जातात. तोवर तुझा पाचव्या सेमिस्टरचा निकाल इथे ‘राखून ठेवलेला’ दिसतो, आणि प्लेसमेंटच्या पोर्टलला राखून ठेवलेला निकाल आणि बॅकलॉग यांतला फरक कळत नाही. ‘नो अ‍ॅक्टिव्ह बॅकलॉग’ची चाळणी लागली की तुझं नाव गुपचूप गळतं. जूनमध्येच टीपीओंना, म्हणजे प्लेसमेंट ऑफिसरना, भेटून परीक्षा विभागाचं पत्र दे आणि पोर्टलवरची नोंद दुरुस्त झाली का ते स्वतः बघ.

हे झाले कागद. गेल्यावर जे बदलतं ते वेगळंच आहे, आणि त्याची तयारी कोणी करून घेत नाही.

आपल्याकडे कॉलेज विद्यार्थ्याच्या मागे लागतं. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली गेली की डिफॉल्टर लिस्ट लागते, जीएफएम (आपल्या गटाचे पालक-शिक्षक) घरी फोन करतात, सबमिशनची तारीख पुढे ढकलली जाते, परीक्षेचा फॉर्म भरला नाहीस तर क्लार्क वर्गात येऊन नाव पुकारतात. या सगळ्याला आपण नावं ठेवतो, पण त्याच्याच आधाराने चालत आलेलो असतो. तिथे लेक्चरला हजेरी नसते. (लॅब आणि सेमिनारला असते.) असाइनमेंट बहुतेक विषयांत दिली नाही तरी चालते. इंटर्नल मार्क नसतात. पूर्ण गुण शेवटच्या एका परीक्षेवर. आणि त्या परीक्षेला बसण्यासाठी विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, ठरावीक मुदतीत. विषयाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव घातलं असं नाही. मुदत गेली की प्राध्यापकांच्याही हातात काही राहत नाही, आणि ‘सर, प्लीज’ला उत्तर शांतपणे ‘पुढच्या सेमिस्टरला या’ असं मिळतं. तुझ्याकडे पुढचं सेमिस्टर नसेल. पोर्टलचं लॉगिन मिळेल त्या दिवशी ही मुदत शोधून ठेव.

या मोकळिकीत आपली मुलं साधारण नोव्हेंबरमध्ये घसरतात. लेक्चर समजतंय असं वाटत असतं, कोणी काही विचारत नसतं, शनिवार-रविवारी प्राग किंवा पॅरिस खुणावत असतं. जानेवारीत पहिल्यांदा जुनी प्रश्नपत्रिका हातात येते, तेव्हा कळतं की इथे पाठांतराला जागाच नाही. सूत्रांचा कागद बहुतेक वेळा जवळ ठेवू देतात, पण दोन तासांत गणितं इतकी असतात की विचार करायला वेळ उरत नाही. हात बसलेला लागतो. उपाय एकच: लेक्चरपेक्षा ‘युबुंग’ला, म्हणजे गणितं सोडवण्याच्या तासाला, जास्त महत्त्व दे. जुने पेपर ‘फाखशाफ्ट’कडे, त्या विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे, मिळतात; ते ऑक्टोबरमध्येच आण. आणि सोडवायला तिथल्याच दोन-तीन मुलांबरोबर बस. एक्स्चेंजवाल्यांचा गट प्रेमळ असतो, पण अभ्यासात सगळेच सारखे चाचपडत असतात.

प्राध्यापकांशी बोलायला त्यांची ठरलेली भेटीची वेळ असते. नेमका प्रश्न घेऊन गेलीस तर ते अर्धा तास देतील. ‘मला काहीच समजत नाही’ असं म्हणत गेलीस तर तुला पुस्तकाचं नाव मिळेल. मी याला तुटकपणा म्हणणार नाही. तू मोठी आहेस आणि तुला काय हवं ते तुला माहीत आहे, असं ते गृहीत धरतात. हे गृहीत आपल्याकडे अठराव्या वर्षीच काय, चाळिशीतही कोणी धरत नाही. लेक्चरच्या वेळापुढे ‘सी. टी.’ लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, ‘एस. टी.’ असेल तर घड्याळाच्या ठोक्याला. लेक्चर संपल्यावर मुलं टाळ्या न वाजवता बाकावर बोटांच्या पेरांनी ठोकतात. पहिल्या दिवशी दचकू नकोस.

पहिल्या पंधरवड्यातली कामं साखळीसारखी एकमेकांत अडकलेली असतात आणि सुरुवात घरापासून होते. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेत पत्त्याची नोंद, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. पत्ता नोंदवला की बँक खातं, खातं उघडलं की ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या रकमेतले, दरमहाचे पैसे. त्यामुळे पहिला महिना-दीड महिना पुरतील आणि खोलीचं डिपॉझिटही भागेल एवढे पैसे वेगळे, कार्डावर ठेव. आरोग्य विम्याचा पुरावा विद्यापीठात नाव नोंदवतानाच लागतो. इथून नेलेला प्रवास विमा त्याला सहसा चालत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी पद्धतीचा विमा मिळतो, महिन्याला १४० युरोंच्या आसपास. स्वस्तातला खासगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट मागितलीस तर ती त्या शिक्षणाच्या काळात मागे घेता येत नाही, एवढं लक्षात ठेव.

खोलीसाठी श्टुडीरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहात आजच अर्ज कर. एक्स्चेंजच्या मुलांसाठी काही खोल्या राखलेल्या असतात, पण अर्जाची मुदत सेमिस्टरच्या कितीतरी आधी संपते. श्टुटगार्टमध्ये खासगी खोली महाग आणि दुर्मीळ. ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असा ईमेल आला तर तो फसवणुकीचा आहे असंच समज. आणि हा भाग श्वाबेन. इथे ‘केअरवोखे’ची परंपरा आहे, म्हणजे जिना आणि फुटपाथ झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्याने प्रत्येक बिऱ्हाडावर फिरते. पाळी चुकवलेली शेजारी विसरत नाहीत. रात्री दहानंतर आणि रविवारी शांतता पाळतात, त्यामुळे मिक्सर शनिवारी लाव. थंडीतही दिवसातून दोनदा खिडकी सताड उघडून पाच मिनिटं हवा खेळू दे. आपण खिडक्या बंद करून कुकरच्या शिट्ट्या काढतो, भिंतीला बुरशी धरते आणि ती डिपॉझिटमधून वसूल होते.

कुकर मात्र ने. मसालेही ने. पेढे, बर्फी, तूप नेऊ नकोस. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूरडाळ, पोहे, कणिक तिथल्या आशियाई दुकानांत मिळतं.

खर्चाचं बोलू. एक्स्चेंजवर तिथली शिकवणी फी नसते; तू इथली फी भरत राहतेस. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, पण करारांतर्गत एक्स्चेंजच्या मुलांना ते माफ आहेत. व्हिसासाठी दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून महिना ९९२ युरो आहे; सहा महिन्यांचे ५,९५२. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाख, वर विमान, व्हिसा आणि थंडीचे कपडे. (चांगले बूट तिथेच घे.) वसतिगृह मिळालं आणि स्वयंपाक केलास तर यातून थोडे उरतातही. व्हिसाच्या अर्जात शेवटची परीक्षा संपेपर्यंतच्या तारखा टाक. लेक्चर संपण्याची तारीख टाकून नंतर धावपळ करणारे दर वर्षी भेटतात. या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येतं. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत.

तिथे पार्टटाइम काम करायला परवानगी असते, पण सहा महिन्यांसाठी त्या भानगडीत पडू नकोस.

जर्मनचं म्हणशील, तर वर्गात इंग्रजीवर निभेल. पालिकेचं पत्र, विम्याचं पत्र, वसतिगृहाची सूचना मात्र जर्मनमध्येच येते, आणि पत्रं येतात ती कागदाची, पेटीत. पेटी रोज उघड. हातात काही महिने आहेत; मॅक्सम्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ए-१ होऊ शकतं. तेवढ्या जर्मनने नियमांची पत्रं कळणार नाहीत, पण मजल्यावरच्या मुलींशी दोन वाक्यं बोलता येतील. वसतिगृहातल्या सामाईक स्वयंपाकघरात बोलणं सगळं जर्मनमध्येच चालू असतं आणि आपण गप्प उभे असतो, तो एकटेपणा विमान चुकल्यापेक्षा वाईट.

एकटेपणा येतोच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, आपल्याशी अंतर साडेतीनवरून साडेचार तास होतं, आणि डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो. नाताळात वसतिगृह रिकामं होतं, २५ आणि २६ला दुकानं बंद. ते दिवस कुठे आणि कोणाबरोबर घालवणार हे नोव्हेंबरातच ठरव. मोठ्या शहरांत मराठी मंडळी भेटतात, दिवाळीला बोलावतातही. जा, पोटभर फराळ कर. पण राहायला सगळे भारतीय एकाच फ्लॅटमध्ये, असं करू नकोस. ही माझी ठाम सूचना आहे, आणि ती न ऐकणाऱ्यांतले बरेच जण परत आल्यावर हेच सांगतात. मन फारच खचलं तर श्टुडीरेंडेनवेर्ककडे समुपदेशक असतात आणि इंग्रजीत बोलतात. पण तिथेही तुलाच वेळ मागावी लागेल.

निघताना पत्त्याची नोंद रद्द करणं, विमा बंद करणं, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी (घरटी महिना १८.३६ युरो) थांबवणं ही कामं असतात. बँक खातं डिपॉझिट परत येईपर्यंत चालू ठेव. प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम उतरवून आण, इथली समिती मागेलच.

राहिले बाबा. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. एमएसला जायचं नक्की असेल तर हे सेमिस्टर त्याची स्वस्त चाचणी आहे. दोन वर्षं आणि मोठं कर्ज घालण्याआधी, मागे कोणी नसताना आपण अभ्यास करतो का, हे सहा महिन्यांत कळतं. जर्मनीत मिळवलेले गुण पुढच्या अर्जात उपयोगी पडतात ते वेगळंच. पण याच सेमिस्टरसाठी कर्ज काढायचं असेल किंवा एमएससाठी ठेवलेले पैसे मोडायचे असतील, तर मी बाबांच्या बाजूने आहे. मधला मार्ग शिष्यवृत्तीचा. ‘बाडेन-व्युर्टेमबेर्ग स्टिपेंडियम’ नेमकं अशा एक्स्चेंजसाठी आहे आणि यजमान विद्यापीठामार्फत मिळतं. काही करारांना युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेचं अनुदानही असतं. दोन्ही विद्यापीठांच्या इंटरनॅशनल ऑफिसला आजच लिहून विचार की तुझा करार कशात बसतो, निकाल कधी लागतो, आणि त्यानंतर होकार कळवला तर चालेल का. बहुतेक वेळा चालतं, पण तसं कोणी आपणहून सांगत नाही.